बाजार, रेल्वे आणि खंजिरी

आश्विन शुद्ध दशमी ते वद्य पंचमी हे अकरा दिवस म्हणजे वऱ्हाडाच्या वर्षातले सगळ्यात गजबजलेले. दसऱ्याला अमरावतीत अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात. दुसऱ्या दिवशी अकोल्यात क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळावा भरतो. खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात, भीमगीतं घुमू लागतात. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागिरी, म्हणजे गल्लीगल्लीत भुलाबाईची शेवटची रात्र. आणि तिथून पाच दिवसांनी, वद्य पंचमीला, मोझरीच्या गुरुकुंजात लाखो माणसं एकाच मिनिटाला गप्प होतात. याच सुमारास शेतात कापसाची बोंडं फुटायला लागलेली असतात. पहिल्या वेचणीआधी धुऱ्याजवळ दगड मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही केलं जातं आणि मग ओटी बांधून बाया तासाला लागतात.

येत्या आठवड्यात कुठे काय आहे, हे आता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चौकातल्या फ्लेक्सवर किंवा मोबाइलवर कळतं. अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात नाटक आहे, अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात गाण्याची मैफल आहे, अमुक गावात खंजिरी भजनाची स्पर्धा आहे. पण छापील कार्यक्रमपत्रिका वऱ्हाडात येऊन जेमतेम दीड शतक झालं. त्याआधीही इथं माणसं गात होती, नाचत होती, रात्र रात्र जागत होती, आणि शेजारच्या दहा गावांना ते बरोबर कळत होतं. कसं कळत होतं, हे पाहिलं की वऱ्हाडातल्या कलांचा स्वभावच हाती लागतो.

वऱ्हाडी माणसाचा आठवडा सोमवारी सुरू होत नसे. तो गावच्या किंवा जवळच्या गावच्या बाजाराच्या दिवशी सुरू होई. ‘येत्या बजारी’ आणि ‘मागच्या बजारी’ हीच काळ मोजायची मापं होती. रविवार आजही कित्येकांच्या तोंडी इतवारच असतो. अमरावती शहरात इतवारा आहे, बुधवारा आहे. वारांची ही नावं बाजारानं वस्त्यांना चिकटवली. बाजाराच्या दिवशी तेल-मीठ, मिरची, बांगड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा यांच्याबरोबर बातमीही विकत न घेता मिळे. कोणत्या गावी सप्ता बसणार, कुठल्या यात्रेला यंदा तमाशाचा फड येणार, कोणत्या महाराजांचं कीर्तन कुठे ठरलं, हे सगळं तिथंच पसरे. कोतवाल दवंडी पिटे ती गर्दी भरल्यावरच. डोंबारी, बहुरूपी, नंदीबैलवाले हेही आपला मुक्काम बाजारांच्या वारांप्रमाणे हलवत. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, असा त्यांचा वारांचा नकाशा पक्का असे.

इथली खरी रीत त्यातच आहे. कार्यक्रम माणसांना बोलावत नसे. माणसं जिथं आधीच जमलेली असत, तिथं कार्यक्रम जाई. बाजार, यात्रा, पोळा, होळी या गर्द्या ठरलेल्या होत्या. कलावंतानं फक्त वेळेवर पोचायचं.

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाला चांदूर बाजार म्हणतात, दुसऱ्याला चांदूर रेल्वे. ही नावं ठेवणाऱ्यानं नकळत वऱ्हाडाचा सांस्कृतिक इतिहास दोन शब्दांत सांगून टाकला. एक गाव बाजारानं ओळखलं गेलं, दुसरं आगगाडीनं. पहिल्या वाटेनं वासुदेव, गोंधळी, कीर्तनकार येत राहिले. दुसऱ्या वाटेनं तिकीट लावणारी नाटक मंडळी आली.

ती वाट कापसानं घातली. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि इंग्लंडच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव करत 1867 साली नागपूरला भिडली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस स्टेशनांच्या आसपास उभे राहिले. अमरावती आणि अकोल्यात व्यापारी, दलाल, वकील, शिक्षक, कारकून असा नवा वर्ग तयार झाला. या वर्गाच्या हातात महिन्याच्या महिन्याला पैसा येत होता आणि संध्याकाळ मोकळी होती. नाटक कंपनीला आणखी काय हवं?

आगगाडी नागपूरला पोचली त्याच वर्षी, म्हणजे 1867 साली, अकोल्यातून ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागला. छापलेली मराठी बातमी आता वऱ्हाडातच तयार होऊ लागली. बाजाराच्या दिवसावर आठवडा मोजणाऱ्या मुलखाला साप्ताहिकाची लय ओळखीचीच वाटली असणार.

नाटकवेडाच्या बाबतीत वऱ्हाड नुसतं प्रेक्षक राहिलं नाही, हे अभिमानानं सांगायला हवं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली ती अकोला, खामगाव, जळगाव जामोद या गावांत. त्यांचं ‘वीरतनय’ 1896 साली किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणलं आणि त्यातल्या पदांच्या चालींनी संगीत नाटकाला नवं वळण दिलं. कीर्तनी आणि साकी-दिंडीच्या चालींना सरावलेल्या कानांवर पारशी रंगभूमीच्या धाटणीच्या उडत्या चाली पडल्या. पुण्या-मुंबईचं रंगमंदिर ज्या नाटककाराच्या नव्या नाटकाची वाट पाहत होतं, तो दिवसभर वऱ्हाडातल्या कज्जेखटल्यांची कागदपत्रं चाळत होता. राम गणेश गडकऱ्यांनी ज्यांना गुरू मानलं, ते हेच.

अमरावतीनं दुसरा नाटककार दिला. वामन गोपाळ जोशी, लोकांच्या तोंडी वीर वामनराव. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे त्यांचं नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं 1913 साली उभं केलं. ‘रणदुंदुभी’ 1927 साली बळवंत संगीत मंडळीनं केलं आणि दीनानाथ मंगेशकरांच्या आवाजानं त्यातली पदं महाराष्ट्रभर पोचली. वामनरावांच्या नाटकांत राजे होते, कटकारस्थानं होती, पण प्रेक्षकाला त्यात आपलं पारतंत्र्य लख्ख दिसत होतं. ते पत्रकार होते, चळवळीत होते, तुरुंगात गेले. नाटक, वर्तमानपत्र आणि सभा ही त्यांच्या लेखी एकाच कामाची तीन अवजारं होती.

यांतलं नाटक आणि सभा एका छताखाली पाहायची तर अमरावतीचं इंद्रभुवन थिएटर आठवावं लागतं. हे शहराचं जुनं नाटकगृह. पण त्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी तारीख नाटकाची नाही. 13 नोव्हेंबर 1927 ला तिथं वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. विषय अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा. पंजाबराव देशमुख या लढ्यात पुढे होते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. ज्यांना देवळाच्या आत मज्जाव होता, ते त्या दिवशी नाटकगृहात, रंगमंचासमोर, हक्कानं बसले होते. तिकीट काढून राजाराणीची गोष्ट पाहायला बांधलेल्या जागेत एका समाजानं स्वतःची गोष्ट मोठ्यानं सांगितली. वऱ्हाडात ‘कार्यक्रम’ या शब्दात मनोरंजन आणि चळवळ यांची सरमिसळ झालेली दिसते, तिची मुळं अशा दिवसांत आहेत.

अकोल्याचंही एक उदाहरण असंच. 1908 च्या अक्षय्य तृतीयेला तिथं शिवजयंतीचा उत्सव ठेवला होता. लोकमान्य टिळक आले, दादासाहेब खापर्डे होते. शेगावचे गजानन महाराज त्या मंडपात येऊन बसल्याचं वर्णन दासगणूंच्या पोथीत आहे आणि वऱ्हाडातल्या घराघरांत ते आजही पारायणात वाचलं जातं. एका राजकीय सभेची हकीगत पोथीच्या अध्यायात जाऊन बसावी, असं दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. त्यानंतर चार वर्षांनी, 1912 साली, अकोल्यात साहित्य संमेलन भरलं. हरि नारायण आपटे अध्यक्ष होते. पुन्हा अकोल्याला संमेलन आलं ते 1981 साली, गोपाल नीलकंठ दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. गोनीदा जन्मले परतवाड्याचे. ऐन पोरवयात घर सोडून ते चळवळीत आणि पुढे गाडगेबाबांच्या सहवासात वाढले.

गाडगेबाबांचं नाव आलं की पुन्हा बाजाराच्या वाटेला लागायचं.

शेणगावच्या परीट घरात 1876 साली जन्मलेला डेबूजी 1905 साली घर सोडून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ ना मठ होता, ना तिकीट विकायला मंडप. जिथं माणसं जमतात तिथं जायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ऋणमोचन हे पूर्णेच्या काठचं गाव. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं मुद्गलेश्वराची यात्रा भरते, आणि नदीच्या चिखलात उतरताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय घसरत. बाबांनी आधी तिथला रस्ता झाडला, दगड वाहिले, उतार बांधून काढला. पुढे पक्का घाट उभा राहिला. मग संध्याकाळी कीर्तन. सकाळी हातात खराटा आणि रात्री त्याच हातानं टाळी, हा क्रम त्यांनी जन्मभर मोडला नाही. यात्रेकरू कीर्तनाला आले नव्हते, ते देवाला आले होते. बाबांनी त्यांना आयतं गाठलं.

त्यांची कीर्तनाची तऱ्हाही बाजारासारखीच होती. बुक्का-हार, पूर्वरंग-उत्तररंग असला थाट नाही. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना सवाल टाकायचा, श्रोत्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचं, त्या उत्तरावर पुढचा सवाल. मधे ‘गोपाला’चा गजर. देवाला बकरं कापल्यावर देव ते खातो का, कर्ज काढून लग्न केल्यावर फेडायचं कोणी, पोरगं शाळेत का नाही, असल्या प्रश्नांना माणूस हसत हसत उत्तर देई आणि उत्तर देऊन झाल्यावर अंतर्मुख होई. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात 8 नोव्हेंबर 1956 ला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून ती सवाल-जबाबाची लय आज ऐकता तरी येते. त्यानंतर दीड महिन्यात, 20 डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

याच भागातली आणखी एक मोठी गर्दी बहिरमची. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, डिसेंबरअखेरीपासून जानेवारी सरेपर्यंत ही यात्रा चालते. टेकडीवरच्या बहिरमबुवाला लोणी आणि शेंदूर चढवतात. खाली राहुट्या पडतात, हंडीत मटण शिजतं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले जातात. पूर्वी इथं तमाशाचे तंबू लागत आणि शेतकऱ्याच्या नव्या कापसाचा पैसा त्यात वितळून जाई. गाडगेबाबांनी याच यात्रेत पशुहत्येविरुद्ध कीर्तनं केली. तमाशाच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून गर्दी आपल्याकडे वळवणं ही काय ताकद असेल, याचा अंदाज ज्यानं यात्रेतला गोंगाट ऐकला आहे त्यालाच येईल.

तुकडोजी महाराजांनी हीच रीत एक पाऊल पुढे नेली. तुकडोजी म्हणजे यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, जन्म 30 एप्रिल 1909 चा. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. तुकडोजींनी गावोगाव फिरायला एकच वाद्य घेतलं, खंजिरी.

हे वाद्य हातात घेऊन पाहावं. लाकडाचं वीतभर गोल कडं, एका तोंडाला कातडं, कडेला खाचा आणि खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या. डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचं. हवा दमट असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग भजनाच्या आधी शेकोटीपाशी धरून ते तापवायचं, बोटानं टिचकी मारून पाहायचं, पुन्हा धरायचं. तबल्याला तालीम लागते, पेटीला पैसा लागतो. खंजिरी सालदाराच्या पोरालाही परवडते आणि खांद्यावरच्या पिशवीत मावते. महाराजांनी मराठी आणि हिंदी भजनं रचली आणि त्यांना लोकांच्या ओठांवर बसतील अशा चाली दिल्या. भजन मंडळ ही गावातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ संस्था झाली. आजही वऱ्हाडातल्या गावात ‘या आठवड्यात काय आहे’ विचारलं तर उत्तरात खंजिरी भजन हटकून येतं.

1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम झाला. अमरावतीहून नागपूरकडे जाताना, हमरस्त्यालगत. इंग्रज सरकारला या भजनांची धास्ती वाटली. 1942 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरला महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत त्यांना काही महिने काढावे लागले. चिमूर-आष्टीचा उठाव त्याच महिन्यातला. भजनानं माणसं एवढी पेटतात, हे सरकारनं आधी ओळखलं.

त्यांची ‘ग्रामगीता’ उघडली तर 41 अध्यायांत ग्रामआरोग्य आणि गोवंशसुधाराइतकंच मानाचं स्थान ‘सणोत्सव’, ‘यात्रा-मेळे’ आणि ‘भजन-प्रभाव’ यांना आहे. गावाची सुधारणा सांगणाऱ्या ग्रंथात यात्रेवर स्वतंत्र अध्याय का असावा? कारण महाराजांच्या दृष्टीनं गावानं एकत्र येण्याचे जे दिवस आधीच ठरलेले आहेत, तेच गाव शहाणं करायचे दिवस. गर्दी नव्यानं जमवायला ताकद खर्चू नका, असलेल्या गर्दीला काम द्या, असा हा वऱ्हाडी शहाणपणा आहे आणि आजच्या आयोजकांनीही तो वाचण्यासारखा आहे.

गर्दीला काम देण्याचा आणखी एक जुना अड्डा म्हणजे आखाडा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलं. इथला मल्लखांब, लेझीम, कबड्डी 1936 साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगापुढे सादर झाली. गल्लीतल्या आखाड्याची माती आणि बर्लिनचं हिरवळीचं मैदान यांच्यात फक्त 22 वर्षांचं अंतर होतं.

अकोल्याची कावड यात्रा त्या मानानं तरुण. तिची सुरुवात 1944 सालची सांगतात, दुष्काळात पावसासाठी राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी वाहिल्याची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारसाठी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन तरुण निघतात आणि रातोरात सुमारे 18 किलोमीटर चालून अकोल्यात शिरतात. सुरुवातीला कावडीला दोन घागरी असायच्या. आता एकेका मंडळाच्या कावडीला पितळी भरण्यांच्या रांगा असतात आणि ती उचलायला डझनावारी खांदे लागतात. ‘हर्र बोला महादेव’च्या घोषात ढोल वाजतात. खांदा बदलण्याचा क्षण पाहण्यासारखा असतो: चालणं थांबत नाही, आतला खांदा निसटतो, बाहेरचा शिरतो, भरण्यातलं पाणी हिंदकळतं पण सांडत नाही. वरचा ताल चुकला तर खालचं पाऊल चुकतं, म्हणून ढोलवाला या गर्दीत सगळ्यात जबाबदार माणूस असतो.

मेळघाटाचं पंचांग वेगळं. तिथल्या कोरकू आदिवासींचा मोठा सण होळी. त्या आठवड्यात गादुली आणि सुसून नाचांत बाया आणि पुरुष फेर धरतात, ढोल आणि बासरी वाजते, फगवा मागितला जातो. शहरातल्या महोत्सवात हेच नाच आता मंचावर दहा मिनिटांत बसवले जातात. प्रेक्षकांना ओळख होते, हे चांगलंच. पण फेर हा आत शिरण्यासाठी असतो, समोर खुर्ची मांडून बघण्यासाठी नाही, हे विसरून चालणार नाही.

शहरानं दिलेला एक सूरही इथं नोंदवायला हवा. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा, 15 एप्रिल 1932 चा. वऱ्हाडातल्या अचलपूर, बाळापूर, अमरावतीत उर्दू शतकानुशतकं नांदते आहे. मराठी गझल याच हवेत वाढलेल्या माणसानं पायावर उभी केली, यात नवल नाही. ‘रूपगंधा’ 1961 साली आलं, ‘रंग माझा वेगळा’ 1974 साली. भट आपल्या रचना स्वतः गाऊन सादर करत. पुढे ती गझल मैफलीत रुजवणारे भीमराव पांचाळेही अमरावती जिल्ह्याचेच, आष्टगावचे.

या सगळ्यात एक कार्यक्रम असा आहे की ज्याची दवंडी कधी पिटली गेली नाही, हस्तपत्रक छापलं गेलं नाही, वर्तमानपत्रात वेळ-स्थळ आलं नाही. तो भुलाबाईचा.

भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, पुरता महिनाभर, वऱ्हाडातल्या मुली संध्याकाळी घरोघर जातात. मातीचे भुलोबा आणि भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती आणि तिला न्यायला आलेला शंकर. ज्या घरी त्यांना बसवलं असेल त्या घरी आज, शेजारी उद्या. मुली टिपऱ्या धरून गातात. गाण्यांत सासर, माहेर, कारल्याचा वेल, हरवलेले दागिने, रुसलेली सून. गाणी संपली की खरा खेळ सुरू होतो. घरची बाई झाकलेला डबा आणते, कानाजवळ खुळखुळवते आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. आवाज आला की चिवडा नाहीतर शेंगदाणे. आवाजच नाही म्हणजे शिरा, साटोरी किंवा काही ओलं. मग गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. खिरापत ओळखता येऊ नये म्हणून आया डबा फडक्यात गुंडाळतात, आणि ज्या घरची खिरापत ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला त्या घराचं नाव दुसऱ्या दिवशी शाळेत निघतं. कोजागिरीला ज्वारीच्या ताज्या धांड्यांचा मांडव करून त्यात भुलाबाई बसवतात, सगळी गाणी एका बैठकीत होतात, आणि एकेका घरी खिरापतीचे डबेच डबे मांडलेले असतात.

नाटकाचा इतिहास लिहिला गेला, कीर्तनाचा लिहिला गेला. भुलाबाईची गाणी मात्र आई-आज्यांच्या तोंडीच राहिली आणि त्यांची नावं कुठेच लागली नाहीत. वऱ्हाडातल्या कित्येक स्त्रियांचं पहिलं गाणं, पहिला ताल, चारचौघांत आवाज काढण्याची पहिली हिंमत या खेळात झाली. आता मुलींच्या शिकवण्या संध्याकाळी असतात, फ्लॅटमध्ये ज्वारीचे धांडे आणायचे कुठून हा प्रश्न असतो. काही महिला मंडळांनी भुलाबाई सभागृहात आणली आहे, स्पर्धा ठेवल्या आहेत. त्या ठेवाव्यातच. पण डबा कानाशी नेऊन खुळखुळवणारा हात हजार माणसांच्या सभागृहात शेवटच्या रांगेला दिसत नाही.

कोजागिरीचं दूध आटून झालं की मोझरीची वाट भरू लागते. विदर्भातल्या गावागावांतून दिंड्या येतात, पताका, पांढऱ्या आणि भगव्या टोप्या, प्रत्येक दिंडीत दोन-चार खंजिऱ्या. आठवडाभर तिथं प्रवचनं, कीर्तनं, भजनं, आरोग्य तपासणी, शेतीची चर्चा सुरू असते. तुकडोजी महाराज गेले ते 11 ऑक्टोबर 1968 ला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. तिथी आश्विन वद्य पंचमी. दरवर्षी त्या तिथीला, त्याच मिनिटाला, मौन श्रद्धांजली असते. साडेचारपासून माणसं जागा धरून उभी राहतात. भजन चाललेलं असतं. मग एकेक खंजिरी थांबते. वाजवणारा कातड्यावर तळवा दाबून धरतो, दुसऱ्या हाताची बोटं कडेच्या चकत्यांवर ठेवतो, म्हणजे चुकूनही किणकिण होऊ नये. लेकरू कडेवर घेतलेली बाई त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवते. लाखांच्या गर्दीत झाडावरची पाखरं ऐकू येतात. मौन सुटतं तेव्हा सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि अंधार पडायच्या आत दिंड्या आपापल्या गाड्या शोधू लागतात, कारण उद्या पहाटे वेचणी आहे.